दोरीचे दुसरे टोक

५ नोव्हेंबर २००५. अमेरिकेतल्या डेलावेअर सिटी इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन भरलेला होता. आत पडलेले चिकटपट्टीचे रीळ काढण्याच्या खटपटीत एका कंत्राटी कामगाराचा जीव गेला. त्याला वाचवायला उतरलेला सहकारीही गेला. नायट्रोजन विषारी नाही, श्वासागणिक आपण तो घेतच असतो. पण त्याने प्राणवायू पुरता हुसकावला, की एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, हाक मारण्याइतकीही सवड मिळत नाही.

अमेरिकेच्या ‘नियॉश’ या कामगार-सुरक्षेवरील संस्थेने १९८६ मध्येच बजावले होते, की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. म्हणजे माणुसकीच माणसांचा जीव घेते, कारण तिला तिथे साधनेही मिळत नाहीत आणि शिकवणही.

धोका कुठे नसतो? हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची. बंद टाकीतले लोखंड गंजतानाही प्राणवायू खाते. मळीची टाकी, सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा (ईटीपी) हौद, गोबरगॅसचा खड्डा, जहाजातले कोळशाचे कोठार, सगळीकडे हवा बदललेली असू शकते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास प्रमाण गेले की नाक बधिर होते. वास थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस उलट अधिक संकटात असतो. हा वायू जड, तळाशी साचतो. मिथेन हलका, वर चढतो. म्हणून वायू मोजणारा मीटर बाहेरूनच सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजावे लागते. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे चालत नाही: विषारी वायू त्याला कळत नाही आणि मिथेन पेट घेतो.

आपला कायदा या बाबतीत मुका नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने सांगितले: जाणकाराने आतल्या हवेची स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा हवा, पट्ट्याच्या दोरीचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे. कलम ३६-अ ने आत न्यायच्या दिव्याला, सुरक्षा साधने नसल्यास, २४ व्होल्टची मर्यादा घातली. गटारांबाबत २०१३ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाची भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. तरी माणसे उतरतच आहेत.

घोटाळा होतो तो कामाच्या घाईत. आत उतरण्याचे परमिट ऑफिसात बसूनच भरले जाते. सकाळचे रीडिंग दुपारच्या जेवणानंतरही खरे धरले जाते. पण गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू सुटतो, वेल्डिंगने धूर साचतो, ब्लोअर मध्येच बंद पडतो. जोडलेल्या पाइपांना ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी चकती, लावायची राहते. आणि टाकीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या माणसाला कोणीतरी हातोडा आणायला पाठवते.

या साखळीत सर्वांत मोलाचा माणूस तोच. त्याने जागा सोडायची नाही, काहीही झाले तरी आत उतरायचे नाही. त्याच्यापाशी ट्रायपॉड, विंच आणि मदत बोलावण्याची सोय हवी. शंका आली तर काम थांबवण्याचा अधिकार हवा, मग समोर मॅनेजर का असेना. तो अधिकार वापरल्याबद्दल त्याचा रोज कापला जाणार नाही, ही हमी कंत्राटदाराने नव्हे, कारखान्याने द्यायला हवी.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. तिथल्या टाक्यांसाठी पुढचे परमिट लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे एकच मागणे आहे: मीटर हातात घेऊन टाकीपर्यंत स्वतः चालत जा, आणि मगच सही करा.