चवदार तळं ते कुलाबा : एका गुरुवारची चित्रफेरी

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मुंबईत कुलाबा-फोर्ट भागातल्या अनेक आर्ट गॅलऱ्या रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवायच्या, असा एक प्रघात आहे. एरवी बहुतेक गॅलऱ्या संध्याकाळी सातच्या सुमारास बंद होतात आणि रविवारी सुट्टी घेतात. म्हणजे नोकरदार माणूस मोकळा होतो तेव्हा यांच्या दाराला कुलूप. गुरुवारच्या फेरीत ही अडचण उरत नाही. तिकीट नाही, आमंत्रण नाही, कुणाची ओळखही लागत नाही. तरीसुद्धा महाड-पोलादपूरकडून येऊन याच भागातल्या कचेऱ्यांत, खानावळींत, गोदीत जन्म काढलेली माणसं या जिन्यांवर क्वचितच दिसतात. असं का, हा प्रश्न महाडच्या माणसाला पडला की तो थेट १९२७ सालापर्यंत जाऊन पोचतो.

महाडचं चवदार तळं त्या वर्षाच्या आधीच कागदावर सर्वांना खुलं झालं होतं. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला आणि सरकारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे करण्याचं धोरण मान्य झालं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला. त्यानंतर तीन वर्षं तळं खुलं होतं आणि एकाही अस्पृश्याने त्यातलं पाणी घेतलं नव्हतं. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत विनायक चित्रे या मंडळींनी परिषद जुळवून आणली, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह सगळे मिळून तळ्यावर गेले तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. मग सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृती जाळली गेली. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

गॅलरीच्या दारात कुणी काठी घेऊन उभं नसतं, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण नुसतं दार उघडं ठेवल्याने माणूस आत येत नाही, हे महाडइतकं दुसऱ्या कुठल्या गावाने पाहिलेलं नाही. म्हणून आम्ही महाड-पोलादपूरकडची काही मंडळी ठरवून, एकत्र गेलो.

सुरुवात काळा घोड्याच्या जहांगीरपासून. १९५२ साली उघडलेली ही गॅलरी सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली, आराखडा दुर्गा बाजपेयींचा. जहांगीरचा गुण असा की ती रस्त्याला लागून, तळमजल्यावर आहे. पावसात आडोशाला आलेला माणूसही चित्रांपुढे उभा राहतो. इथून पुढचं चित्र बदलतं. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सुरू केलेली केमोल्ड गॅलरी २००७ मध्ये फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. कुलाब्यातली ‘प्रोजेक्ट ८८’ जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतल्या आणि आर्थर बंदर रोडवरच्या गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर. पाटी हाताएवढी, लिफ्टला जाळीचं दार, वर गेल्यावर बंद काच आणि घंटेचं बटण. ते बटण दाबायला बोट पुढे होत नाही.

आमच्यातल्या एक मावशी, माहेर पोलादपूरच्या खोऱ्यातलं, त्या काचेपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, “कुणाच्या घरी आल्यासारखं वाटतंय, अन् बोलावलं तर कुणी नाही.” आत गेल्यावर मात्र एका मोठ्या मातीच्या कामापुढून त्या हलेनात. भाजताना कुठे जास्त आच लागली, काळा डाग कसा पडला, हे त्यांनी वाकून वाकून पाहिलं आणि गॅलरीतल्या मुलीला सांगितलं. ती मुलगी वही घेऊन बसली. भिंतीवरच्या निवेदनात या भाजणीविषयी अवाक्षर नव्हतं. ते निवेदन इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी येणाऱ्यालाही दोनदा वाचावं लागेल असं. मराठीत चार ओळी लावायला कितीसा खर्च येतो? पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आपल्या रायगड जिल्ह्यातला कुणीही शिरतो, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी पाहतो, नाक चुकलंय म्हणून सांगतो. पाहण्याची नजर आपल्याकडे आहे. अडतं ते उंबऱ्यावर.

खरं नवल पुढेच आहे. आजच्या गॅलऱ्यांत आणि जगातल्या मोठ्या प्रदर्शनांत महाड आधीच जाऊन पोचलं आहे. १९९० साली पुण्यात जन्मलेल्या राज्यश्री गुडी यांनी २०१७ मध्ये पाण्याची जात विचारणारी एक मांडणी केली. १०८ पेले आणि पंचगव्य. चवदार तळ्यावर ओतलेल्या त्या घागरींचा हिशेब त्यांनी नव्वद वर्षांनी काचेत मांडला. २०२२ मध्ये दिल्लीतल्या त्यांच्या प्रदर्शनाच्या नावातच ‘चवदार’ हा शब्द होता. दलित आत्मकथनांतल्या भुकेच्या आणि जेवणाच्या नोंदी काढून त्यांनी पाककृतींच्या छोट्या पुस्तिकाही केल्या आहेत. प्रभाकर कांबळे यांनी जातिव्यवस्थेवर बोलणारी मातीच्या मडक्यांची उतरंड उभी केली, आणि २०२२ च्या बर्लिन बिएनालेमध्ये त्यांचा सहभाग होता. त्याच वर्षी अमोल पाटील यांचं काम जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त होतं. त्यांचे आजोबा पोवाडे गात, वडील नाटकवाले, आणि त्यांच्या कामात मुंबईचे सफाई कामगार वारंवार येतात. कांबळे आणि पाटील हे दोघेही काही काळ रीगल सिनेमाजवळच्या ‘क्लार्क हाउस’शी जोडलेले होते. २०१० मध्ये झाशा कोला आणि सुमेश शर्मा यांनी सुरू केलेल्या या जागेने कामगार आणि दलित घरांतल्या मुलांना कुलाब्यात पाय रोवू दिला. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली मुंबईच्या कलाजगतातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. लिलावातले कोटींचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, हिच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही.

थोडक्यात, चवदार तळ्यावरचं काम दिल्लीकराला पाहता आलं. ज्या गावात त्या घागरी ओतल्या गेल्या तिथे ते मांडायला एक धड खोली नाही.

महाडला कला परकी आहे असं म्हणायची सोय नाही. गावाबाहेर महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाल्याची तीसेक लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात कुमार काणभोअ विष्णुपालिताने दिलेल्या दानाची यादी आहे : लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, आणि लेण्याच्या दोन्ही अंगांना पाण्याची एकेक टाकी. शिल्प आणि पाणी एकाच दानात, एकाच दगडावर नोंदलेलं. एसटीतून जाताना ही लेणी खिडकीतून दिसतात. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीवर शाळांच्या सहली येतात, रायगडावर तर वर्षभर रीघ असते. यातल्या एखाद्या सहलीला वाटेत आजच्या चित्रकाराचं काम दाखवता येईल, अशी जागा दोन्ही तालुक्यांत मला ठाऊक नाही.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. दरवर्षी त्या दिवशी महाडात जनसागर लोटतो, त्या वर्षी तो किती मोठा असेल याची कल्पना करावी. मंडप पडतील, भाषणं होतील, पुस्तकांचे गाळे लागतील, आणि ते लागायलाच हवेत. त्याबरोबर महाडच्या राष्ट्रीय स्मारकात निदान एक दालन वर्षभरासाठी मिळावं. महाडवर काम केलेल्या कलाकारांना तिथे बोलवावं. दालन तळमजल्यावर असावं, काचेचं बंद दार नको, निवेदन मराठीत, आणि शेवटची एसटी सुटेपर्यंत दिवे चालू. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दोन्ही तालुक्यांतल्या एकेका शाळेला घेऊन जायचं. मुंबईच्या गॅलऱ्यांनी त्यासाठी कामं उसनी द्यावीत. विमा, वाहतूक, राखण यांचा खर्च राज्य सरकारच्या सांस्कृतिक खात्याने उचलावा, तो एका मोठ्या मंडपाच्या खर्चाहून फार जास्त नसेल. अर्ज आत्ताच करायला हवेत, कारण अशी प्रदर्शनं जुळवायला वर्षभर तरी लागतं.