ज्वालामुखीच्या उबेवरचे पक्षी

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाची उत्तर शाखा लांबट व अरुंद असून तिच्या ईशान्य टोकाच्या प्रदेशाला मिनाहासा म्हणतात. मोलुका समुद्राच्या तळाचा भूपट्ट पश्चिमेकडे सरकत या प्रदेशाखाली शिरतो आणि खोलवर तयार झालेला शिलारस वर येऊन येथे ज्वालामुखींची रांग उभी राहिली आहे. तिच्यातील लोकोन आणि सोपुतान हे आजही जागे आहेत, तर समुद्रकाठच्या तांगकोकोचा अखेरचा उद्रेक 1880 साली झाला. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हे डोंगर बहुधा छायाचित्रामागचा देखावा म्हणून येतात. पक्षिनिरीक्षकाला मात्र त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण येथील एका पक्ष्याचे प्रजनन काही ठिकाणी थेट भूगर्भातील उष्णतेवर चालते.

हा पक्षी म्हणजे मालेओ. आकाराने साधारण कोंबडीएवढा, पाठ काळी, छाती फिकट गुलाबी आणि डोक्यावर काळसर शिरस्त्राणासारखा उंचवटा असलेला हा पक्षी मेगापोड कुळातील आहे. या कुळातील पक्षी अंडी स्वतः उबवत नाहीत. ऊब बाहेरून मिळवतात. निकोबार बेटांवरील मेगापोड त्यासाठी वाळू आणि पालापाचोळ्याचे ढिगारे रचतो आणि कुजणाऱ्या पानांची उष्णता वापरतो. मालेओ ढिगारा रचत नाही. तो एकतर उन्हाने तापलेल्या समुद्रकाठच्या वाळूत किंवा जंगलात गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे तापलेल्या मातीत खड्डा खणतो. नर-मादी पहाटे जोडीने येतात, आळीपाळीने माती उकरतात, अंडे पुरतात आणि निघून जातात. पिल्लाची व त्यांची पुढे भेट होत नाही. अंडे कोंबडीच्या अंड्याच्या सुमारे पाचपट असून त्यात बलकाचे प्रमाण फार मोठे असते. त्या शिदोरीवर दोन-अडीच महिने जमिनीत वाढलेले पिल्लू स्वतः माती उकरत वर येते आणि पृष्ठभागावर पोहोचताच उडू शकते.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा ब्रिटिश निसर्गअभ्यासक 1859 साली मिनाहासात आला, तेव्हा त्याने काळ्या ज्वालामुखीय वाळूच्या किनाऱ्यावर मालेओचे नमुने गोळा केले. अंडी नेण्यासाठी दूरदूरच्या गावांतील लोक तेथे येत, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. पुढे अंड्यांची उचल वाढत गेली, किनाऱ्यामागचे जंगल तुटले आणि अनेक किनारे मालेओने सोडून दिले. 2021 पासून जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी जवळ पोहोचलेल्या गटात आहे. बोगानी नानी वार्ताबोने राष्ट्रीय उद्यानातील ताम्बुन येथे गरम झऱ्यांलगतची अंडी घालण्याची जागा राखलेली असून तेथे अंडी कुंपणाच्या आत हलवून पुन्हा पुरली जातात आणि बाहेर आलेली पिल्ले जंगलात सोडली जातात. मालेओ पाहायचा तर उजाडण्यापूर्वी आडोशामागे बसून राहण्याची तयारी हवी, कारण माणसाची चाहूल लागली तर जोडी खड्डा अर्धवट टाकून झाडावर जाते.

तांगकोकोच्या पायथ्याचे संरक्षित वन मात्र वेगळ्या कारणासाठी पाहावे. बितुंग शहरापासून बातुपुतिह या किनारी गावात पोहोचले की जंगल जवळपास दारातच लागते. येथील उंबरवर्गीय वृक्षांवर गाठीच्या चोचीचा धनेश मोठ्या संख्येने आढळतो आणि मार्गारेट किनेर्ड व टिमोथी ओब्रायन यांनी येथे त्याचा दीर्घ अभ्यास केला आहे. सह्याद्रीतील महाधनेशाप्रमाणेच याची मादीही ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. फळांच्या बिया दूरवर टाकणारा हा पक्षी जंगलाची पेरणीच करत असतो. याच जंगलात शेंडीवाली काळी माकडे कळपाने फिरतात (2011 साली गाजलेले ‘माकडाचे स्वछायाचित्र’ याच जातीचे) आणि संध्याकाळी उंबराच्या पोकळ खोडातून टार्सियर हा मूठभर आकाराचा, मोठाल्या डोळ्यांचा कीटकभक्षी प्राणी बाहेर पडतो.

तांबटाची ठोकेबाज हाक ऐकण्याची सवय असलेल्या मराठी निरीक्षकाला येथे ती हाक अजिबात ऐकू येत नाही. बोर्निओ आणि सुलावेसी यांच्यामधली मकास्सर सामुद्रधुनी इतकी खोल आहे की हिमयुगात समुद्राची पातळी उतरली तरी ही बेटे जोडली गेली नाहीत. त्यामुळे आशियातील अनेक पक्षिकुळे पलीकडेच राहिली आणि जी थोडी आली ती एकाकी वाढत वेगळी झाली. जांभळट रंगाचा खंड्या हे त्याचे चांगले उदाहरण होय: तो पाण्यावर नव्हे, तर दाट सावलीत फांदीवर निश्चल बसतो आणि जंगलाच्या जमिनीवरचे कीटक टिपतो. पावसाळ्यात कोकणात येणाऱ्या नवरंगाचा एक लाल पोटाचा भाऊबंदही याच पालापाचोळ्यात चरताना दिसू शकतो. तो क्वचितच उघड्यावर येत असल्याने त्याला शोधण्यासाठी कानांचा उपयोग डोळ्यांपेक्षा अधिक होतो. ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याला बाहेर काढण्याची पद्धत सर्रास आहे, पण विणीच्या काळात ती टाळलेली बरी.

प्रवासासाठी मानाडोचा विमानतळ सोयीचा असून कोरडे महिने निवडावेत. स्थानिक वाटाड्या घेणे केवळ वाट सापडावी म्हणून नव्हे, तर उंबर या आठवड्यात कोणत्या झाडाला पिकले आहे हे त्यालाच ठाऊक असते म्हणूनही आवश्यक ठरते. तांगकोकोच्या गवतातील सूक्ष्म माइट अंगाला चिकटून कित्येक दिवस खाज सुटते, तेव्हा पँट लांब मोज्यांत खोचूनच आत जावे.