मुलाखतीचा ‘कॉल’ नेमका कुणाला येतो?

कॅटचा निकाल लागला की मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘99 पर्सेंटाइल असून कॉल नाही, म्हणजे आत वशिला लागतो.’ मुळात आयआयएममध्ये मुलाखतीला कुणाला बोलवायचं, हे आधीच जाहीर केलेलं सूत्र ठरवतं.

अहमदाबादचंच घ्या. अलीकडच्या प्रवेश धोरणात कॅटला 65 टक्के वजन आहे. उरलेले 35 टक्के दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा अनुभव यांवर. महिला उमेदवारांना थोडे जादा गुण. दहावीला नव्वदच्या वर असाल तर 10 पैकी 10, पंचाहत्तर असतील तर थेट 5. म्हणजे नववी-दहावीत निवांत राहिलेला भाईंदरचा मुलगा पुढे कितीही चमकला, तरी ही तूट त्याच्या मागे राहतेच. पंधराव्या वर्षीची गुणपत्रिका तेविसाव्या वर्षी आडवी यावी, हे मला जरा निर्दयीच वाटतं. पण नियम कुणी लपवलेला नाही.

अनुभवाचंही तसंच. 36 महिन्यांनंतर गुण वाढत नाहीत. तीन वर्षांची नोकरी आणि आठ वर्षांची नोकरी सूत्राला सारखीच.

99 वाला बाहेर राहण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे विभागवार कटऑफ. एकूण आकडा भारी, पण गणितात किंवा इंग्रजीत किमान रेषेखाली गेलात की संपलं. कॉमर्सवाल्यांना डावलतात, हीही समजूतच. अहमदाबादच्या धोरणात बारावीचे गुणपट्टे शाखेनुसार वेगळे आहेत.

खेळांची, नाटकांची प्रमाणपत्रं? या टप्प्यावर बहुतेक आयआयएममध्ये त्यांची फाइल कुणी उघडत नाही. अंधेरीचं एसपी जैन मात्र अर्जातली प्रोफाइल वाचून बोलावण्यासाठी ओळखलं जातं.

सगळ्यात मोठा गैरसमज आपल्याच लोकल लाइनवर आहे. चर्चगेटच्या जमनालाल बजाजपासून अनेक कॉलेजांच्या एमएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या कॅपमधल्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या) जागा राज्य सीईटी कक्षाच्या गुणवत्ता यादीवर भरतात. तिथे गटचर्चा नाही, मुलाखतही नाही. तरी या जागांच्या मागे असलेल्या मुलांना मुलाखतीच्या तयारीची पॅकेजं विकली जातात.

तेव्हा पालकांनो, क्लासची फी भरण्याआधी हव्या त्या संस्थेचं यंदाचं प्रवेश धोरण संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि मुलाचे आकडे त्या सूत्रात स्वतः घालून बघा.