एकोणीस प्रश्नांचा कागद

भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्याला 'शटडाउन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एखादी यंत्रणा दुरुस्तीसाठी थांबवायची तर कुठली झडप बंद करायची, वीज कुणी तोडायची, गॅस उरला आहे का हे कुणी मोजायचे आणि शेवटी सही कुणाची, हे सारे कागदावर आधी ठरते. वीस वर्षे त्याच कामात मुरलेल्या फिटरलाही कागद हाती आल्याशिवाय पाना लावता येत नाही. गॅस किती महागात पडतो हे या गावाने ९ ऑक्टोबर २०१८ रोजी पाहिले. कोक ओव्हनजवळच्या गॅसवाहिनीवर दुरुस्ती चालू असताना आग भडकली आणि दहाहून अधिक कर्मचारी प्राणास मुकले. भाजलेल्यांना सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात नेण्यात आले. गावात हे रुग्णालय 'सेक्टर नाइन' या नावानेच ओळखले जाते.

भाजलेल्या रुग्णाचे पहिले २४ तासही असेच ठरलेल्या हिशेबावर चालतात. शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग मानायचे : एक हात ९ टक्के, एक पाय १८ टक्के, छाती-पोट १८ टक्के. एकूण किती टक्के भाजले ते काढायचे, त्याला रुग्णाच्या वजनाने गुणायचे, पुन्हा चाराने गुणायचे. जो आकडा येईल तितके मिलिलिटर सलाइन. साठ किलोचा माणूस ४० टक्के भाजला असेल, तर ९,६०० मिलिलिटर म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर! त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत द्यायचे, आणि हे आठ तास रुग्ण दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, तर भाजल्यापासून मोजायचे. पुढे लघवी किती होते ते पाहून वेग कमी-जास्त करायचा. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात १९६०च्या दशकात बसवलेले हे गणित आजही जगभर वापरले जाते. रात्री दोन वाजता वॉर्डात ज्येष्ठ सर्जन नसला तरी नवख्या डॉक्टरला आणि सिस्टरला सुरुवात कुठून करायची हे त्यामुळे कळते.

मग हर्निया, पित्ताशय, गर्भाशय, मोडलेले खुब्याचे हाड अशा रोजच्या शस्त्रक्रियांसाठी असा कागद का नसावा? हा प्रश्न जगापुढे ठामपणे मांडणाऱ्या सर्जनची मुळे वऱ्हाडात आहेत, हे पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसेल. डॉ. अतुल गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी त्यांनी मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढले, पण उमरखेडला आपल्या आईच्या नावाने महाविद्यालय उभे करायला ते विसरले नाहीत. मुलगा बॉस्टनला सर्जन झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेची मोहीम आखली तेव्हा तिचे नेतृत्व त्याच्याकडे आले. जगात वर्षाला सुमारे २३ कोटी मोठ्या शस्त्रक्रिया होतात, असा अंदाज तेव्हा निघाला होता.

उत्तर शोधताना गावंडे विमानतळावर गेले. १९३५ साली अमेरिकेत बोइंग कंपनीचे नवे बॉम्बर विमान चाचणीतच कोसळले होते. विमानात बिघाड नव्हता. निष्णात वैमानिक शेपटीकडचा एक खटका सोडायला विसरला होता. त्यानंतर वैमानिकांनी अधिक प्रशिक्षण मागितले नाही, उड्डाणापूर्वी वाचायची एक छोटी यादी तयार केली.

त्याच धर्तीवर २००८ साली शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आली. एक पान, एकोणीस बाबी, तीन थांबे. पहिला थांबा भूल देण्यापूर्वी : रुग्ण तोच ना, शस्त्रक्रिया तीच ना, बाजू तीच ना, जागेवर पेनाने खूण केली आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता असेल तर तयारी आहे का. दुसरा थांबा सुरी टेकवण्यापूर्वी : खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले का, गेल्या तासाभरात ॲन्टिबायोटिक दिले का. तिसरा थांबा रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी : कापसाचे बोळे, सुया, हत्यारे मोजून भरली का, तपासणीला पाठवायच्या तुकड्यावर नाव लिहिले का.

वाचणाऱ्याला वाटेल, यात काय विशेष? हे तर सगळेच करतात! करतात खरे, पण दर वेळी करत नाहीत. दिल्ली, लंडन, सिअ‍ॅटल, मनिला, टांझानियातले इफाकारा अशा आठ शहरांतल्या रुग्णालयांत सुमारे साडेसात हजार रुग्णांवर हे पडताळले गेले. यादी येण्यापूर्वी ॲन्टिबायोटिक वेळेवर मिळण्याचे प्रमाण ५६ टक्के होते, नंतर ते ८३ टक्के झाले. शस्त्रक्रियेनंतरची मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली, मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. तरीही सर्वांना हा कागद आवडला असे नाही. पाहणीत सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली. मात्र 'उद्या तुमचेच ऑपरेशन असेल तर हा कागद हवा का?' असे विचारल्यावर ९३ टक्के 'हो' म्हणाले.

घरच्या माणसांचा संबंध येतो तो वॉर्डातल्या आराखड्याशी. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला : शस्त्रक्रिया चांगली होऊनही रुग्ण इतके दिवस अंथरुणात का पडतो? त्यांना दिसले की निम्मे कारण परंपरेत आहे. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, नंतर आतडी हलेपर्यंत उपास, नाकात नळी, लघवीची नळी, आणि 'हलू नका' ही ताकीद. त्यांनी दिवसवार आराखडा केला. वेदना आटोक्यात ठेवायच्या, नळ्या लवकर काढायच्या, खाणे लवकर सुरू करायचे, शक्य तर त्याच दिवशी रुग्णाला खुर्चीत बसवायचे. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांचे कित्येक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले.

आपल्याकडे यातली मोठी अडचण वॉर्डाबाहेर, डबा घेऊन उभी असते. "उठू नकोस गं बाई, टाके उसवतील," असे म्हणणारी मावशी प्रत्येक कुटुंबात आहे. तिची माया खरी, पण पडून राहिल्याने पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होते आणि छातीत कफ साचतो. उपासाचेही तसेच. तब्येत बरी असलेल्या सर्वसाधारण रुग्णाने हलके खाणे भुलीच्या सहा तास आधी थांबवावे. पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो, असे भूलतज्ज्ञांच्या संघटनांचे नियम सांगतात. दूध मात्र खाण्यातच धरायचे. मधुमेह, गर्भारपण, आतड्यात अडथळा अशा रुग्णांचा हिशेब वेगळा, तिथे आपल्या भूलतज्ज्ञाचा शब्द अखेरचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले असेल, तर ते न विचारताही सांगायला हवे. आणि डाव्या-उजव्याचा प्रश्न असेल तेव्हा पेनाची खूण कुठे केली आहे ते नातेवाइकाने खुशाल पाहावे. त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

कागद असला म्हणजे काम झाले, असे मात्र मुळीच नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांना चेकलिस्ट सक्तीची झाली. २०१४ साली निकाल आला तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. खुद्द गावंडे यांच्या गटाने उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत बाळंतपणासाठी अशीच यादी आणली. परिचारिकांचे काम सुधारले, पण २०१७ च्या निष्कर्षांत माता-बालमृत्यू घटलेले दिसले नाहीत. न वाचता मारलेल्या खुणा रुग्णाला वाचवत नाहीत, आणि जिथे रक्त, औषध, माणूसबळ नाही तिथे प्रामाणिकपणे मारलेल्या खुणाही अपुऱ्या पडतात.

आणि छत्तीसगढला तर हे दूरच्या देशातून शिकण्याची गरजच नाही. भिलाईहून रेल्वेने काही तासांवर बिलासपूर आहे. त्या जिल्ह्यातल्या पेंडारी इथे ८ नोव्हेंबर २०१४ रोजी एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. एका पथकाने दिवसाला तीसपेक्षा जास्त करू नयेत, हा सरकारचाच लेखी नियम होता. किमान १३ जणी दगावल्या. बहुतेक तरुण, लेकुरवाळ्या, मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या. औषधांत भेसळ होती की जंतुसंसर्ग झाला, यावर पुढे वाद झाले. पण ८३ हा आकडा वादातीत होता, आणि तीसनंतर कुणीही 'आता पुरे' म्हटले नव्हते. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

'पुरे' किंवा 'थांबा' कुणी म्हणायचे? चेकलिस्टने ते काम बहुधा सिस्टरकडे दिले आहे. थिएटरात सर्जनपुढे तोंड उघडायला ती कचरते, म्हणूनच सुरुवातीला प्रत्येकाने नाव सांगायचे हा प्रकार आहे. एकदा बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलायला कमी घाबरतो. गावंडे यांनी आपल्याच एका शस्त्रक्रियेची हकीकत लिहिली आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ काढताना त्यांच्या हातून हृदयाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी फाटली आणि क्षणात रक्ताचा लोट आला. सुरुवातीच्या थांब्यात रक्ताचा प्रश्न आला होता. तेव्हा रक्तपेढीतून बाटल्या राखून ठेवलेल्याच नाहीत, हे एका परिचारिकेच्या ध्यानात आले होते आणि तिने त्या मागवल्या होत्या. रुग्ण वाचला.