साधा जीव, असाधारण शिक्का

जिवाणू म्हणजे केंद्रक नसलेला, एकपेशीय, अगदी साधा जीव, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्यांतील 'साधा' या शब्दाचा आता आम्हांस संकोच वाटतो. तो का, हे वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या पेशींत युबिक्विटिन नावाचे चिमुकले प्रथिन असते. ७६ अमिनो आम्लांची ही माळ अशी दुमडते, की जणू पट्ट्यांच्या मुठीत एक मळसूत्र धरलेले असावे. तिचे मोकळे टोक निकामी प्रथिनास जोडले जाते. अशा शिक्क्यांची साखळी चढली, की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. या शोधास २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. युबिक्विटिन या नावाचा अर्थ 'सर्वत्र असणारे'. पण गंमत अशी, की जिवाणूंत शोधू जाता ते सहसा सापडेना!

सापडले ते त्याचे भाऊबंद. 'थायएस' व 'मोएडी' या जिवाणु-प्रथिनांची घडण तीच, मूठही तीच; मात्र ती शिक्का मारीत नाहीत, गंधक वाहून नेतात. थायएसच्या गंधकातून 'ब-१' जीवनसत्त्व घडते.

क्षयाच्या जिवाणूची तऱ्हा आणखी निराळी. २००८ साली त्यात 'पप' हे ६४ अमिनो आम्लांचे प्रथिन आढळले. त्यास ठराविक आकारच नाही. ते सैल दोऱ्यासारखे असते. एक विकर त्याचे टोक सिद्ध करते, दुसरे ते लक्ष्य-प्रथिनास जोडते आणि मग मोडणीयंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करते. काम युबिक्विटिनचेच, घराणे मात्र वेगळे.

हा केवळ पुस्तकी कुतूहलाचा विषय नव्हे. आमच्या लहानपणी घराघरांत क्षयाचे नाव हलक्या आवाजात घेतले जाई. आजही जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. आपल्या रक्षक पेशी या जिवाणूवर नायट्रिक ऑक्साइडचा मारा करतात. ही मोडणीव्यवस्था बिघडवली, तर तो मारा जिवाणूस सोसत नाही आणि उंदरांतील त्याचा जोर ओसरतो, असे २००३ साली दिसून आले. म्हणून आपल्या पेशींचे यंत्र अबाधित ठेवून केवळ त्याचे बंद पाडील, अशा औषधाचा शोध संशोधक घेत आहेत.

शत्रूस साधा समजणे परवडणारे नव्हे. यापुढे आम्ही फळ्यावर 'साधा' न लिहिता 'लहान' लिहू.