नॉर्वेच्या आजीची पेटी

अमेरिकेतल्या आयोवा, मिनेसोटा भागात कितीतरी घरांत एक जुनी लाकडी पेटी जपलेली असते. लोखंडी पट्ट्या, वर रंगीत वेलबुट्टी आणि पुढच्या बाजूला नाव नि साल. आजी नॉर्वेहून आली तेव्हा तिचा सारा संसार हिच्यात होता. शिडाच्या जहाजांच्या काळात वाटेतले खाणेही प्रवाशांनाच न्यावे लागे; म्हणून कपड्यांसोबत सुकवलेले मांस आणि वाळलेल्या पातळ भाकऱ्याही असत.

पहिली टोळी ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हांगर बंदरातून एका लहानशा गलबताने निघाली. निघताना ५२ माणसे होती, न्यूयॉर्कला ५३ उतरली; वाटेत एक मुलगी जन्मली होती. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक गेले. डोंगराळ मुलूख, जमीन थोडी, खाणारी तोंडे वाढलेली. कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको.

पेटीवरचे नाव वाचून नातवंडे मात्र गोंधळतात, कारण कबरीवर आजीचे नाव वेगळेच असते. जुन्या नॉर्वेत मुलगी बापाच्या नावाने ओळखली जाई. ओलेची लेक ती ओल्सडॅटर, लग्नानंतरही तीच. आपल्याकडे 'बिन्ते' म्हणतात, तसेच. पुढे शेतवाडीचे नाव लागे, आणि वाडी बदलली की तेही बदले. (आपल्याकडे मुंबईत तीन पिढ्या गेल्या तरी 'कर' सुटत नाही!) अमेरिकेत तिला नवऱ्याचे आडनाव लागले आणि ओलेची लेक कागदावरून पुसली गेली. पण वाडीचे नाव घरात कुणाला आठवत असेल, तर नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराने इंटरनेटवर मोफत ठेवलेल्या १८६५, १९०० आणि १९१० च्या जनगणनांतून ती सापडू शकते.

आजीचे खाणे टिकले. नाताळच्या दिवसांत बटाट्याची पातळ पोळी, 'लेफ्सा', आजही खाचांच्या लाटण्याने लाटतात आणि लांब चपट्या काठीने तव्यावर उलटतात. चांदीच्या लोंबत्या टिकल्यांचा ब्रोचही मुलीकडून नातीकडे येतो. त्या चकाकीने अदृश्य शक्ती दूर राहतात, असा जुना समज. आपल्या नजरेच्या ताविजासारखाच.

भाषा मात्र गेली. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, आयोवाच्या राज्यपालांनी शाळेत, रेल्वेत, टेलिफोनवर, अगदी प्रार्थनेच्या प्रवचनातही इंग्रजीच बोलण्याचा हुकूम काढला. रोख जर्मनांवर होता, पण नॉर्वेच्या आज्याही त्यात सापडल्या. हुकूम काही महिन्यांत संपला, पण भीती उरली. मुलांशी इंग्रजीच बोललेले बरे, असे अनेक घरांनी ठरवले. आता पेटीच्या तळाशी गावाकडून आलेली पत्रे आहेत, जुन्या वळणाच्या टोकदार लिपीत, आणि ती वाचणारे घरात कोणी नाही.

इथे मी थबकले. माझ्या नानीची पत्रे उर्दूत आहेत आणि मी मराठी शाळेत शिकलेली. गेल्या महिन्यात त्यांतले एक शेजारच्या खालाजानकडून वाचून घेतले. नानीने माझ्या अम्मीला कैरीच्या लोणच्यात मीठ किती घालायचे ते लिहिले होते, आणि खाली विचारले होते, "पत्र का येत नाही?"