रिकाम्या फलाटाची कीर्ती

मराठी शिकवणाऱ्या माणसाने इंग्लंडातल्या खेड्यातील बंद पडलेले स्टेशन पाहायला कशाला जावे, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले होते. प्रश्न रास्त होता. कारण जे पाहायला मी निघालो होतो ते तिथे नाही, हे मला निघण्यापूर्वीच ठाऊक होते.

ग्लॉस्टरशायर परगण्यातले हे अ‍ॅडलस्ट्रॉप स्टेशन १८५३ साली उघडले. आरंभीचे नाव होते ‘अ‍ॅडलस्ट्रॉप आणि स्टो रोड’. आपल्याकडे स्टेशनाच्या नावात ‘रोड’ आला की उतारूने ओळखावे, गाव अजून लांब आहे! ही युक्ती मूळची इंग्रजांचीच. पुढे ‘स्टो रोड’ गळाले, मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला आणि साठ वर्षे या स्टेशनाने जगाला दखल घ्यायला लावील असे काहीही केले नाही.

२४ जून १९१४ रोजी एडवर्ड टॉमस हा छत्तीस वर्षांचा लेखक पत्नीसह या गाडीने चालला होता. पुस्तकांची परीक्षणे लिहून संसार ओढणारा हा गृहस्थ. तोवर कवी म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हते. निघाला होता अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टकडे. गाडी अ‍ॅडलस्ट्रॉपला थांबली. दुपारची वेळ, ऊन, शांतता, पाखरांचे आवाज. त्याने टिपणवहीत चार शब्द खरडले, गाडी सुटली. चारच दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि ऑगस्टात महायुद्ध पेटले.

जानेवारी १९१५ मध्ये त्या टिपणांतून सोळा ओळींची कविता झाली. तीत युद्धाचा शब्दही नाही. त्याच वर्षी टॉमस सैन्यात दाखल झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत ठार झाला. कविता छापलेली त्याला पाहायला मिळाली नाही. इंग्रजी वाचकांनी मात्र तो क्षणभराचा थांबा उराशी धरला. युद्धापूर्वीचा इंग्लंड म्हटले की त्यांना तो ओस फलाट आठवू लागला.

आणि इथेच खरी मौज आहे. मौज म्हणावी की क्रूर थट्टा, वाचकांनीच ठरवावे. १९६३ साली डॉक्टर रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा ताळेबंद मांडला. एक तृतीयांश लोहमार्गावर प्रवासी वाहतूक अवघी एक टक्का! दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करावीत, अशी त्यांची शिफारस होती. अ‍ॅडलस्ट्रॉपला जानेवारी १९६६ मध्ये टाळे लागले. कवीने ज्या रिकामेपणावर जीव टाकला, तोच हिशेबनिसाच्या वहीत तोटा म्हणून नोंदला गेला. टॉमसने जणू अर्धशतक आधीच साक्ष देऊन ठेवली होती. फलाटावर कुणी नव्हतेच की!

बीचिंगसाहेबांना शिव्या देणे सोपे आहे, आणि इंग्रजांनी त्या पोटभर दिल्या. पण कविता घोकणाऱ्यांपैकी किती जणांनी अ‍ॅडलस्ट्रॉपचे तिकीट काढले असेल? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. मराठीतली कितीतरी पुस्तके मी वर्गात तोंडभरून वाखाणतो आणि विकत मात्र घेत नाही.

लोहमार्ग चालूच आहे. ऑक्सफर्डहून निघालो, किंगहॅम मागे पडले आणि मी खिडकीला नाक लावून बसलो. शेते, झाडी, पुन्हा शेते. अ‍ॅडलस्ट्रॉप कधी गेले ते कळलेच नाही, थेट मोर्टन-इन-मार्श आले. तिथून मोटारीने उलट गावात आलो. स्टेशनाची इमारत पाडून टाकलेली, पण नावाची पाटी गावकऱ्यांनी जपली आहे. ती टांगली आहे कुठे, तर बसच्या थांब्याच्या निवाऱ्यात! खाली स्टेशनावरलाच बाक, त्यावर कविता कोरलेली पितळी पट्टी.

मी बाकावर टेकलो. अर्धा तास बसलो. बस आली नाही, आणि दुसरे कुणीही आले नाही.